‘हे मुलींचं, ते मुलग्यांचं’: मोठ्यांच्या नकळत मुलांच्या मनात साचे कसे तयार होतात आणि ते कसे मोडायचे

एकाच बाळाचा एकच व्हिडिओ. डबीचं झाकण उघडून बाहुलं टुणकन वर येतं, बाळ दचकतं आणि रडायला लागतं. पाहणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं होतं, हा मुलगा आहे. काहींना सांगितलं, ही मुलगी आहे. ‘मुलगा’ पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ‘मुलगी’ पाहणाऱ्यांना भीती. जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांचा हा प्रयोग १९७६ सालचा. बाळ तेच होतं, रडणंही तेच.

रागावलेल्या बाळाला आपण जरा वेळ देतो, घाबरलेल्या बाळाला चटकन उचलून घेतो. म्हणजे लेबल आधी लागतं, त्यानुसार आपला हात पुढे होतो किंवा थांबतो, आणि बाळ त्या हातावरून जग शिकतं. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणूनच ते पकडायला अवघड जातं.

‘मुलगा-मुलगी समान’ हे वाक्य बहुतेक मुलांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. तरीही चार वर्षांचं मूल ठणकावून सांगतं की हे मुलींचं आणि ते मुलग्यांचं. समानतेचं वाक्य त्याच्या कानावर अधूनमधून पडतं. माणसांचे दोन ढीग पडताना मात्र ते दिवसभर पाहतं. कोणत्या रांगेत कोण, कुणाला कसली भेट, कुणाचं कौतुक कशाबद्दल, जड वस्तू उचलायला हाक कुणाला आणि सांडलेलं पुसायला कुणाला. या ढिगांवरून मूल स्वतःच नियम काढतं. त्यामुळे काम करायचं आहे ते या रोजच्या वाटणीवर.

कोणत्या वयात काय घडतं

दीड-दोन वर्षांचं मूल समोरच्या माणसाला दादा म्हणायचं की ताई, हे ओळखू लागतं. अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणतं, आणि लगेच ‘मग माझ्यासारख्यांचं काय असतं?’ याचा शोध सुरू करतं. रंगांचं उदाहरण बोलकं आहे. व्हेनेसा लोब्यू आणि ज्युडी डिलोच यांनी ७ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपुढे वस्तूंच्या जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीत एक वस्तू गुलाबी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तान्ह्या बाळांमध्ये मुलगा-मुलगी असा फरक दिसला नाही. अडीच वर्षांच्या मुली ठळकपणे गुलाबी निवडू लागल्या आणि त्याच सुमारास मुलगे गुलाबी टाळू लागले. आपण कोण हे आधी कळलं, आवड मागून आली.

पाच-सहा वर्षं हा नियम सर्वांत कडक असण्याचा काळ. कपडे, केस, खेळ बदलले तरी आपण तेच राहतो, ही समज पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होते. तोवर ‘केस कापले तर मी मुलगा होईन का?’ हा प्रश्न मुलाला अगदी खरा वाटतो. पुढे खेळ-रंगांबद्दलचे नियम सैल होतात, पण तेवढ्यात कुवतीबद्दलचे समज मूळ धरतात. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांच्या २०१७ च्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे ‘खूप खूप हुशार’ माणूस आपल्याच गटातला असेल असं सारख्याच प्रमाणात मानत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये तो विश्वास कमी झालेला होता, आणि ‘खूप हुशार मुलांसाठीचा’ असं सांगितलेल्या खेळात त्यांना रसही कमी होता. शाळेची पहिली एक-दोन वर्षं म्हणून फार मोलाची.

आधी आठ दिवस नोंद ठेवा

सुधारणा लगेच सुरू करू नका. आपण काय करतो तेच माहीत नसेल तर बदलणार काय? एक छोटी वही घ्या आणि दिवसातल्या दोनच वेळा निवडा: सकाळी तयार होण्याची आणि संध्याकाळच्या खेळाची, प्रत्येकी अर्धा तास. आठवड्यात तीन वेळा दहा-दहा मिनिटं फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा; लिहिताना सुटलेलं त्यात सापडतं.

पाच गोष्टी मोजा. गरज नसताना ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ हा शब्द किती वेळा आला. कौतुक रूपाचं झालं, स्वभावाचं, ताकदीचं की प्रयत्नाचं. मूल अडलं तेव्हा किती सेकंदांत मदतीला धावलात. कोणतं काम कुणाला सांगितलंत. आणि मुलानं ‘का?’ विचारल्यावर उत्तर एका शब्दात आटोपलं की समजावून सांगितलं. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. केव्हिन क्राउली आणि सहकाऱ्यांनी एका विज्ञान संग्रहालयात आलेल्या कुटुंबांचं निरीक्षण केलं. मुली आणि मुलगे दोघंही वस्तू सारख्याच उत्साहानं हाताळत होते, पण ‘हे असं का होतं’ याचं स्पष्टीकरण आई-वडिलांनी मुलग्यांना मुलींच्या तिप्पट वेळा दिलं. हा अभ्यास २००१ सालचा.

प्रत्येक नोंदीसमोर एक प्रश्न लिहा: इथे मुलग्याच्या जागी मुलगी, किंवा मुलीच्या जागी मुलगा असता तर मी हेच केलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे खूण करा, स्वतःला बोल लावत बसू नका.

या नोंदीत तीन चुका हमखास होतात. पहिले दोन दिवस माणूस जपून बोलतो, म्हणून ते हिशेबात धरू नका. घरातली दोन मोठी माणसं एकमेकांच्या चुका लिहू लागली की भांडण होतं. ज्यानं त्यानं आपलंच लिहावं. आणि घरात एकच मूल असेल तर तुलनाच होत नाही. अशा वेळी भाचरं-पुतणे किंवा शेजारची मुलं आली असताना नोंद करा.

बोलण्यातले साचे

सुझन गेलमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली आयांचा २, ४ आणि ६ वर्षांच्या मुलांशी चाललेला संवाद तपासला. चित्रं पाहत गप्पा मारताना ‘हे काम बायकांचं’ असं उघडपणे म्हणणाऱ्या आया फारच थोड्या होत्या. पण ‘मुली असं करतात’, ‘मुलगे तसं करतात’ अशी सरसकट वाक्यं भरपूर होती. आणि मूल एखादी ठोकळेबाज गोष्ट बोललं की आई बरेचदा होकार देऊन पुढे जात होती. सुधारणा नेमकी इथे करायची आहे.

सरसकट वाक्य मोडून एका मुलाचं करा. ‘मुलगे दंगेखोरच असतात’ याऐवजी ‘आज तू खूप उड्या मारल्यास, दमलास ना?’ ‘मुलींना नटायला आवडतं’ याऐवजी ‘तुला हा निळा दुपट्टा आवडलेला दिसतोय’. एका मुलाबद्दलचं वाक्य त्या दिवसापुरतं असतं. गटाबद्दलचं वाक्य नियम बनतं.

चांगल्या अर्थाचं सरसकट वाक्यही टाळा. सिंपियन आणि सहकाऱ्यांनी ४ ते ७ वर्षांच्या मुलांना एक नवा खेळ दिला आणि काहींना सांगितलं की हा खेळ मुलग्यांना, किंवा मुलींना, छान जमतो. असं ऐकल्यावर मुलांची कामगिरी घसरली, आणि ज्यांच्या गटाचं कौतुक झालं होतं त्यांचीही. यश गटामुळे मिळतं असं वाटलं की अडल्यावर जोर कशाला लावायचा?

‘मुलीही गणितात मुलग्यांइतक्याच हुशार असतात’ हे वाक्य भल्याभल्यांच्या तोंडी असतं. त्यात मापाची पट्टी मुलग्यांची आहे, मुली त्या पट्टीवर मोजल्या जातात. एलेनॉर चेस्टनट आणि एलन मार्कमन यांनी २०१८ साली दाखवून दिलं की अशी वाक्यं वाचणाऱ्यांना उपजत हुशारी मुलग्यांकडे जास्त असावी असं वाटतं. त्याऐवजी ‘मुली आणि मुलगे गणितात सारखेच’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे ‘गणित सरावानं येतं’. ‘ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे’ हे कौतुकही याच जातीचं. धाडस केलं की मुलीला मुलगा व्हावं लागतं, असा त्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचतो. आणि ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य एका वेळी दोघांना शिकवतं: मुलग्याला रडायचं नाही हे, आणि ऐकणाऱ्या मुलीला आपण कमी आहोत हे.

आपल्या भाषेची एक अडचण आहे आणि एक सोयही. क्रियापदातच लिंग येतं: गेला, गेली, जातो, जाते. त्यामुळे ते पूर्ण टाळता येत नाही आणि त्यासाठी वाक्यं पिळू नयेत. पण क्रियापदातलं लिंग मुलाच्या कानावरून सरकून जातं. ‘तो बघ मुलगा’, ‘ती मुलगी’ अशी नामं वेगळी ठळक होतात. त्यांच्या जागी नाव, कपडा किंवा कृती सांगा: ‘ती लाल टोपीवाली बघ कशी चढतेय’. सोय ही की मूल, बाळ, लेकरू, पिल्लू असे नपुंसकलिंगी शब्द आपल्याकडे आयते आहेत: ‘प्रत्येक मूल आपली वही आणेल’. मात्र ‘मुलं’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘मुलं आणि मुली’ म्हटलं की मुली ‘मुलां’तून बाहेर पडतात. सगळ्यांसाठी ‘मुलं’ ठेवा, फक्त मुलग्यांबद्दल बोलायचं असेल तेव्हा ‘मुलगे’ म्हणा. सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

आदरार्थी बोलतानाही हाच प्रश्न येतो. न पाहिलेल्या डॉक्टरांबद्दल आपण ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असंच विचारतो, नर्सबद्दल ‘काय म्हणाल्या?’. कथा सांगताना, खेळताना हे मुद्दाम अदलाबदल करून वापरा: ‘पायलट आल्या’, ‘नर्स आले’. ‘लेडी डॉक्टर’, ‘महिला पोलीस’ यांतला आधीचा शब्द गाळा. तो सांगतो की मूळ जागा दुसऱ्याची आहे.

कौतुकाबद्दल एक ठोस सवय लावून घ्या. मुलानं काही केलं की पाच सेकंदांत त्यानं काय केलं ते सांगा: ‘मनोरा दोनदा पडला, मग तू खालचा ठोकळा मोठा घेतलास’. एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांनी १ ते ३ वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग केलं. प्रयत्नाचं कौतुक मुलग्यांच्या वाट्याला मुलींपेक्षा जास्त येत होतं. ज्यांना ते जास्त मिळालं, ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर प्रयत्नानं कुवत वाढते असं अधिक मानत होती. मुलीच्या फ्रॉकचं कौतुक करूच नये असं नाही. पण दारात भेटताच पहिलं वाक्य तेच असेल, तर ते दुसरं वाक्य करा. पहिलं वाक्य: ‘आज काय केलंस?’

मूलच असं बोलतं तेव्हा

‘बाहुली मुलींची असते.’ यावर नुसतं ‘हं’ म्हणणं हा मुलाच्या लेखी होकार असतो. मोठं व्याख्यान तर आणखी वाईट, कारण मूल ते ऐकत नाही आणि विषय मात्र खास झाल्याचं त्याला कळतं. एवढंच करा: आवाज नेहमीसारखा ठेवून विचारा, ‘असं का वाटतं तुला?’ उत्तर ऐकून घ्या. बहुतेकदा त्यातून ते कुठे पाहिलं-ऐकलं ते कळतं. मग एका वाक्यात दुरुस्ती करा: ‘बाहुलीशी ज्याला खेळावंसं वाटतं तो खेळतो.’ मग मुलाच्या ओळखीतली दोन-तीन माणसं सांगा. आणि पुन्हा खेळाकडे वळा. सगळं अर्ध्या मिनिटात.

दोन-तीन माणसं का? एकच उदाहरण दिलं तर मूल म्हणतं, ‘ती वेगळीच आहे’ आणि नियम शाबूत राहतो. शिवाय मुलांची स्मरणशक्तीही साच्याच्या बाजूनं काम करते. कॅरोल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्व्हरसन यांनी १९८३ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवली. आठवड्यानं विचारल्यावर साच्याबाहेरच्या चित्रांतली माणसं मुलांना उलटी आठवत होती: मुलीनं केलेलं ‘मुलग्याचं’ काम मुलग्याच्या नावावर जमा. म्हणून वाहन दुरुस्त करणाऱ्या मावशी दाखवून काम संपत नाही. दोन दिवसांनी विचारा, ‘ते चाक कुणी बसवलं होतं?’ चुकलं तर सरळ सांगा.

शाळकरी मुलांना सोबत्यांच्या चिडवण्याला उत्तर द्यायची तालीम लागते. लिंडसे लॅम्ब, रेबेका बिग्लर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तपासलं, तेव्हा ज्या मुलांनी उत्तरं स्वतः म्हणून सराव केला, ती अशी उत्तरं नुसती गोष्टीत ऐकलेल्या मुलांपेक्षा प्रत्यक्ष प्रसंगात जास्त बोलली. उत्तर छोटं हवं: ‘खेळ सगळ्यांचा असतो.’ ‘मला आवडतं, म्हणून खेळतो.’ ‘असा काही नियम नाहीये.’ चिडवणारा तुम्ही व्हा, मूल उत्तर देईल. मग अदलाबदल करा. तीन-चार फेऱ्या पुरेत. लांबलचक वाक्य पाठ करून घेऊ नका, ऐन वेळी ते आठवत नाही.

खेळणी

मार्टिन यांच्याच १९९५ च्या प्रयोगात मुलांना अनोळखी खेळणी दाखवली आणि काही ‘मुलींची’, काही ‘मुलग्यांची’ आहेत असं सांगितलं. आपल्या गटाचं नाही असं ऐकल्यावर अत्यंत आकर्षक खेळण्यावरूनही मुलांचं मन उडालं. खेळण्यात काही नव्हतं, शब्दात होतं. तेव्हा आधी वेष्टन काढा, कप्प्यांवरची नावं बदला: ‘बांधायचं’, ‘ढकलायचं’, ‘सांभाळायचं’, ‘रंगवायचं’. एका वेळी आठ-दहा खेळणीच बाहेर ठेवा, दर पंधरा दिवसांनी बदला, आणि प्रत्येक वेळी या चारही प्रकारांतलं काही ना काही असू द्या. बाहुली आणि ट्रक शेजारी ठेवले की बाहुली ट्रकमधून फिरायला जाते. वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले की दोन देश तयार होतात.

मुलींसाठी ठोकळे आणि तुकडे जुळवायची कोडी यांवर आम्ही जास्त भर देऊ. सुझन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांना २०१२ साली आढळलं की २ ते ४ या वयात कोडी जुळवणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवून पाहण्यात पुढे होती. पण कोडं आणून ठेवणं पुरत नाही, जवळ बसावं लागतं. आठवड्यातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं बसा आणि वर, खाली, कोपरा, कड, उलट, फिरवून, मधोमध असे शब्द भरपूर वापरा. मुलग्यांच्या बाबतीत हेच बाहुल्यांचं. बाळाला निजवणं, भरवणं, त्याला काय हवं याचा अंदाज घेणं हा दुसऱ्याचं मन ओळखण्याचा सराव आहे, आणि तो मुलग्यांना फार कमी मिळतो.

बाहुली हातात कोंबू नका. मूल ढकलून देईल आणि ते नको असलेलं खेळणं म्हणून पक्कं होईल. तुम्ही स्वतः खेळायला लागा. शक्यतो मुलाच्याच लिंगाच्या मोठ्या माणसानं सुरुवात करावी.

मैदान

११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल? मुलींच्या आयांनी अंदाज कमी सांगितला, मुलग्यांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात उतरवून पाहिल्यावर मुली आणि मुलगे यांच्यात फरक निघाला नाही. एमिली माँडशाइन, कॅरेन अॅडॉल्फ आणि कॅथरीन टॅमिस-लमोंडा यांचा हा अभ्यास २००० सालचा. दोन्ही चुका महाग पडतात. मुलीला सराव मिळत नाही, मग ती खरंच मागे राहते. मुलग्याला झेपणार नाही तिथे ढकललं जातं, आणि भीती वाटली तर बोलायची सोय राहत नाही.

उंची मुलाच्या खांद्यापर्यंत आणि खाली मऊ जमीन असेल तर दहा आकडे मोजा, मगच हात द्या. ‘जपून!’ हा शब्द सोडा. त्यातून काय करायचं ते कळत नाही. ‘उजवा पाय कुठे ठेवशील?’, ‘दोन्ही हात घट्ट आहेत का?’ असं विचारा. धारदार वस्तू, पाणी, वाहनं यांना हा नियम लागू नाही. तिथे मुलगा असो की मुलगी, आधी हात धरा.

मुलीला चढायचं असेल तर तिचे कपडे चढण्याजोगे असू द्या. पाय अडकवणारा झगा घालून ‘जा, खेळ’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

राग आणि रडू

रॉबिन फिवुश यांच्या अभ्यासांत आई-वडील मुलींशी दुःखाबद्दल जास्त बोलताना आढळले. मुलग्यांच्या वाट्याला त्याबद्दलचे शब्द कमी येतात, आणि शब्द नसले की दुःख, लाज, भीती सगळं रागाच्याच दारातून बाहेर पडतं. मुलगा आपटू-धोपटू लागला की आधी कृती थांबवा, मग अंदाज सांगा: ‘तुला वाईट वाटलं का? की भीती वाटली?’ अंदाज चुकला तरी बिघडत नाही, मूल दुरुस्त करतं. मुलीच्या रागाला ‘असं चिडू नये’ म्हणून झाकण लावू नका: ‘राग आलाय तुला. तुझी वस्तू न विचारता घेतली म्हणून?’ आणि मग ‘ती माझी आहे, परत दे’ हे वाक्य तिला मोठ्यानं म्हणू द्या. मारायचं कुणीच नाही; हा नियम दोघांना एकच.

घरातली कामं

अॅलिसा क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी ७ ते १३ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला (२०१४). ज्या घरांत वडील घरकामात जास्त वाटा उचलत होते, त्या घरांतल्या मुलींनी ‘मोठेपणी कोण होणार’ याची उत्तरं कमी साचेबद्ध दिली. वडील तोंडानं समानता सांगत असले तरी कामाची वाटणी जुनीच असेल, तर मुली त्या वाटणीवर विश्वास ठेवत होत्या.

कामांची यादी करा आणि तिच्यात न दिसणारी कामंही लिहा: लसीची तारीख लक्षात ठेवणं, संपत आलेल्या वस्तू पाहणं, पाहुण्यांना काय हवं ते विचारणं. ही बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असतात आणि मूल ते टिपतं. मुलांची कामं दर आठवड्याला फिरती ठेवा, म्हणजे भांडी आणि दुरुस्तीची हत्यारं दोन्ही प्रत्येकाच्या हाती येतात. पैसे किंवा बक्षीस देत असाल तर घराबाहेरच्या कामाला जास्त आणि घरातल्या कामाला कमी असं होत नाही ना, ते पाहा. ‘बाबा आईला मदत करतात’ हे वाक्य बंद करा. ‘बाबा भांडी घासतायत’ एवढंच म्हणा. मदत म्हटलं की काम मूळचं आईचंच राहतं.

पुस्तकं

विसाव्या शतकात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुमारे ५,६०० बालपुस्तकांच्या पाहणीत मुख्य पात्र पुरुष किंवा नर असलेली पुस्तकं ५७ टक्के आणि स्त्री किंवा मादी असलेली ३१ टक्के निघाली. घरच्या कपाटातली वीस पुस्तकं काढून असंच मोजा. दहा मिनिटं लागतात. नवी आणण्याआधी असलेलीच वेगळी वाचा. अस्वल, हत्ती, ससा यांना आपण आपोआप ‘तो’ करतो. निम्म्या वेळा हत्तीण, सशीण करून टाका. चित्रात सगळी कामं एकच जण करत असेल तर विचारा, ‘बाकीचे काय करतायत?’

मुलांच्या मनातली चित्रं बदलतात, हे आकड्यांनी सांगता येतं. ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ असं सांगितल्यावर १९६६ ते १९७७ या काळात जमवलेल्या ४,८०७ चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत स्त्री होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. १९८० च्या दशकापासून पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलं. मुलं समोर जे दिसतं ते काढतात.

वर्गात

लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या काही वर्गांत शिक्षकांनी फक्त एवढं केलं: मुली-मुलग्यांच्या रांगा वेगळ्या, हाक मारताना ‘मुलींनो, मुलग्यांनो’, फळ्यावर नावं दोन गटांत. स्पर्धा नव्हती, कुणाला कमी लेखणं नव्हतं. दोनच आठवड्यांत त्या मुलांचे साचे घट्ट झाले आणि दुसऱ्या गटातल्या मुलांशी खेळणं कमी झालं. शिक्षकांनी एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदलावी, आणि तिला खर्च शून्य. रांग जन्ममहिन्यावरून लावा, चपलांच्या रंगावरून, नावाच्या शेवटच्या अक्षरावरून. दर आठवड्याला निकष बदला, नाहीतर नवे ढीग पक्के होतात. मुली विरुद्ध मुलगे अशी स्पर्धा घेऊ नका. दंगा करणाऱ्या मुलग्याला शिक्षा म्हणून मुलींमध्ये बसवणं तर लगेच बंद करा. मुलींशेजारी बसणं ही शिक्षा कशी काय?

प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. घाईत वरचा हात आधी दिसतो, तोच बोलतो. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून काढल्या तर उत्तरं सगळीकडून येतात.

गणिताची भीती वाटणाऱ्या शिक्षिकांनी ती वर्गात बोलून दाखवू नये, ही विनंती मनापासून आहे. सायन बेलॉक आणि सहकाऱ्यांना २०१० साली दिसलं की पहिली-दुसरीत शिक्षिकेला जितकी ही भीती जास्त, तितका वर्षअखेरीस मुलींचा गणितातला निकाल खाली. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. ‘मला पण गणित कधी जमलं नाही’ हे आईनंही धीर देण्यासाठी म्हणू नये. ‘थांब, हे दोघं मिळून शोधू’ असं म्हणावं.

आजी-आजोबा, पाहुणे, शेजारी

मुलांसमोर मोठ्यांना अडवू नका. त्यानं आजीचा मान जातो आणि मुलाला भांडणच लक्षात राहतं. त्या क्षणी मुलाकडे पाहून फक्त पर्यायी वाक्य म्हणा. आजोबा म्हणाले, ‘मुलगे रडत नाहीत’, तर मुलाला म्हणा, ‘लागलंय ना, रडू येणारच. दाखव कुठे लागलं.’ नंतर एकांतात एकच विनंती करा, यादी देऊ नका: ‘आजोबा, त्याला रडू नको म्हणण्याऐवजी तुम्ही जवळ घेतलंत तर तो लवकर शांत होतो.’ भेटवस्तूंचा प्रश्न आधीच सोडवा. ‘काय आणू?’ विचारलं की नेमकी वस्तू सांगा. ‘काहीही चालेल’ म्हटलं की दुकानातली गुलाबी-निळी वाटणी घरी येते.

मूल साच्यातलंच मागतं तेव्हा

गुलाबी झग्याचा हट्ट धरणाऱ्या मुलीला झगा द्या. बंदी घातली तर वस्तूचं मोल वाढतं आणि ‘मुलींच्या’ गोष्टी हलक्या असतात असा उलटा धडा मिळतो. मुलगे ट्रकवर खूश असतील तर ट्रक असू द्या. बाकीच्या वाटा बंद झालेल्या नाहीत ना, एवढं पाहायचं: झगा घालून ती चिखलात जाऊ शकते का, ट्रकमधल्या जखमी माणसाची तो काळजी घेतो का.

मुलग्याला बांगडी किंवा झगा घालून बाहेर जायचं असेल आणि लोक हसतील असं वाटत असेल, तर ‘हे मुलींचं असतं’ म्हणून अडवू नका. खरं ते सांगा: ‘काही लोकांना हे नवीन वाटतं, ते हसतील कदाचित. तू काय म्हणशील?’ उत्तराची एकदा तालीम करा आणि निर्णय त्याला घेऊ द्या. त्यानं ती काढून ठेवली तर तेही ठीक. हसणं सहन करायची जबाबदारी पाच वर्षांच्या मुलावर टाकायची नाही.

तीन महिन्यांनी वही पुन्हा काढा. त्याच दोन वेळा, तीच पाच मोजमापं, पुन्हा आठ दिवस. मुलाचं बोलणं तेवढ्यात बदललं नसेल, विशेषतः ते पाच-सहा वर्षांचं असेल तर, म्हणून त्यावरून यश मोजू नका. आधी तुमचे आकडे हललेले दिसायला हवेत. जो आकडा अजिबात हलला नाही, फक्त त्याच्यावर पुढचा महिना काम करा.